मोदकाच्या कळ्या फोटोत दिसायच्या तर

उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी मी व्हॉट्सॲपवर घेते. पहिल्या वर्षी ट्यूबलाइटखाली फोटो काढले. पांढरेशुभ्र मोदक हिरवट दिसले. एकीने विचारलंच, "कालचे आहेत का हो?"

आता दिवे सगळे बंद. सकाळी खिडकीशी पाट मांडते. थेट ऊन नको. आलंच तर पांढरा पंचा आडवा लावते. उजेड बाजूने हवा, तरच कळ्या उठतात. समोरून आला की मोदक सपाट. सावलीकडे पांढरा पुठ्ठा उभा करायचा. लेन्स पुसा (पीठ लागलेल्या हाताने नको!), फोन मोदकाच्या उंचीवर आणा, मोदकावर बोट टेकवून फोकस करा आणि फोनच्या कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) किंचित वाढवा, नाहीतर पांढरा रंग राखाडी येतो. वाफ टिपायची तर मागे काळसर काहीतरी हवं. मी तवा उभा करते. तूप अगदी शेवटी.