एसीत गॅस भरताना या चुका टाळा

एसी नीट थंड करत नाही अशी तक्रार आली की उत्तर जवळपास ठरलेलं असतं, ‘गॅस कमी झालाय, टॉप-अप करून टाकू.’ दहा मिनिटांत सिलिंडर जोडला जातो, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वर सरकतो, हवा गार लागते आणि काम झालं असं दोघांनाही वाटतं. कितीतरी चांगले कॉम्प्रेसर या घाईनं बाद होतात. गॅस किती भरायचा हे वजनावर ठरतं, काट्यावर नाही. आणि भरायची गरज आहे की नाही, हे गेज लावण्याआधीच बऱ्यापैकी कळू शकतं.

गॅस ‘संपला’ असं मानणं

रेफ्रिजरंट, म्हणजे एसीतला गॅस, इंधन नव्हे. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. इनडोअरच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि खोलीतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये ती उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा द्रव होतो. या फेऱ्यांमध्ये तो खर्च होत नाही. गॅस खरोखर कमी असेल तर एकतर बसवतानाच कमी पडला, नाहीतर कुठून तरी गळतोय. ‘दर वर्षी थोडा टाकावाच लागतो’ असं कोणी सांगत असेल तर त्यानं गळती शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गेज आधी, बाकीचं नंतर

इनडोअरच्या कॉइलवर बर्फ दिसला की गॅस कमी, हा निष्कर्ष अर्धवट आहे. फिल्टर मातीनं भरलेला असेल, ब्लोअरच्या पात्यांवर थर बसला असेल किंवा फॅन मोटर मंद झाली असेल, तरी बर्फ धरतोच. फरक ओळखायला बर्फाची जागा पाहा. गॅस कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर आणि आउटडोअरच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसतो, बाकी कॉइल कोमट राहते. हवा कमी पडत असेल तर सगळीच कॉइल पांढरी होते आणि बर्फ जाड नळीवरून मागे सरकतो.

वायरभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटरही बरंच सांगतो. फिक्स्ड स्पीडच्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत गॅस कमी असताना कॉम्प्रेसरवर भार कमी पडतो, म्हणून करंट नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा कमी येतो. कंडेन्सर, म्हणजे आउटडोअरची कॉइल, घाणीनं बुजला असेल किंवा आउटडोअरचा पंखा रखडत असेल, तर करंट वर जातो. अशा एसीत गॅस टाकला तर आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर उतरला असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही किंवा घरघरून बंद पडतो, तिथे गॅसचा संबंधच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: फिल्टर, दोन्ही कॉइल, दोन्ही पंखे, कॅपॅसिटर, करंट, आणि मग गेज.

गेज उगाच न लावण्याचं आणखी एक कारण आहे. घरगुती स्प्लिटमध्ये एकूण गॅस अनेकदा किलोभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. होज जोडताना आणि काढताना दर वेळी थोडा निसटतो. नुसतं ‘प्रेशर बघू’ म्हणून वारंवार गेज लावलं, तर ठीक असलेला चार्जही, म्हणजे भरलेला गॅसही, कमी होत जातो.

गळती न शोधता भरणं

रेफ्रिजरंटबरोबर थोडं तेलही फिरत असतं. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. आधी फ्लेअर जोड, म्हणजे नळीचं टोक पसरवून नटनं आवळलेले जोड पाहा, कारण स्प्लिटमधल्या गळत्या तिथेच जास्त सापडतात. मग सर्व्हिस पोर्टचा, म्हणजे गेज जोडायच्या तोंडाचा पिन, त्यावरची टोपी आणि शेवटी कॉइल. साबणाचा फेस लावून थोडा वेळ थांबा. बारीक गळतीचे बुडबुडे लगेच उठत नाहीत.

फ्लेअर नट ‘हाताला पुरेसा घट्ट’ लागतो यावर विसंबू नका. पाव इंची नळीच्या नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर लागतात. जास्त आवळला तर तांब्याचा ओठ पातळ होतो आणि काही महिन्यांनी तिथेच चीर पडते. टॉर्क रेंच वापरा.

मोठी गळती शोधायला किंवा दुरुस्ती तपासायला दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजनचा, रेग्युलेटर लावून, मॅन्युअलमधल्या मर्यादेत. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो, आणि यात ‘थोडासाच’ असं काही नसतं. दाब ठेवल्यावर हवेचं तापमानही लिहून ठेवा. ३० बारवर ठेवलेली सिस्टिम १० अंशांनी गार झाली तर काटा साधारण १ बार आपोआप उतरतो. ती गळती समजून चांगले जोड उकलू नका.

व्हॅक्यूमला बगल देणं

सिस्टिम उघडली असेल तर व्हॅक्यूम पंपाला पर्याय नाही. थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘ढकलून’ बाहेर काढली तर हवेचा काही भाग आत राहतोच, आणि ओलावा तर नळीच्या भिंतींना धरून बसलेला असतो. आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, ती जागा अडवते आणि दाब चढवते. ओलावा गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक केशनळीच्या किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो. आर-४१०ए आणि आर-३२ या नव्या गॅसच्या यंत्रांत कॉम्प्रेसरसाठी वापरलं जाणारं पीओई तेल हवेतलं पाणी झपाट्यानं ओढून घेतं आणि पुढे त्यातून आम्ल तयार होतं. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन ते हळूहळू खातं, त्यामुळे बिघाड दिसतो तेव्हा मूळ कारण सगळे विसरलेले असतात.

पंप किती मिनिटं चालला हे विचारण्यापेक्षा आत किती मायक्रॉन (उरलेला दाब मोजायचं बारीक माप) आहे ते विचारा. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो आणि आपल्याला ५०० च्या खाली जायचं असतं. मॅनिफोल्डच्या, म्हणजे नेहमीच्या गेज-संचाच्या साध्या काट्यावर हा फरक दिसतच नाही, तो २०,००० मायक्रॉनलाही तळाला टेकलेला वाटतो. म्हणून मायक्रॉन गेज हवं. ५०० खाली गेल्यावर पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं आकडा पाहा. थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला तर गळती आहे. पंपाचं तेल गढूळ झालं असेल तर कितीही वेळ चालवा, आकडा खाली येणार नाही, तेव्हा ते वेळेवर बदला.

काट्याकडे बघून गॅस भरणं

‘इतका पीएसआय (दाबाचं एकक) आला की पुरे’ हा नियम आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातला आहे, आणि तेव्हाही तो ढोबळच होता. बाष्पीभवन ५ अंशांना होत असेल तर आर-२२चा दाब सुमारे ७० पीएसआय असतो, आर-४१०ए आणि आर-३२चा सुमारे १२०. जुना आकडा डोक्यात ठेवून नव्या गॅसचा एसी भरणारा माणूस पुरेसा भरलेला असतानाही गोंधळतो, किंवा निम्म्यावर समाधान मानतो. त्यातही खोली गरम असेल, बाहेर ऊन असेल, हवेत दमटपणा असेल, तर तोच चार्ज वेगळा दाब दाखवतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि त्याबरोबर काटाही हलतो. त्यावर पाहायचंच असेल तर आधी कंपनीनं दिलेल्या टेस्ट मोडमध्ये टाका.

खरा आकडा आउटडोअरच्या नेमप्लेटवर छापलेला असतो: गॅस कोणता आणि किती ग्रॅम. हा आकडा ठरावीक लांबीच्या नळीसाठी धरलेला असतो. नळी त्याहून लांब असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. चार्ज अर्धवट असेल तर आत किती उरला हे बाहेरून नेमकं कळत नाही. म्हणून उरलेला गॅस रिकव्हर करा (मशीननं वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्या), गळती दुरुस्त करा, व्हॅक्यूम घ्या आणि डिजिटल वजनकाट्यावर पूर्ण वजन मोजून भरा. वेळ जास्त लागतो हे खरं, पण शंका उरत नाही.

चार्ज तपासायला सुपरहीट (उकळून झाल्यावर गॅस आणखी किती अंश तापला) आणि सबकूलिंगही (द्रव झाल्यावर तो आणखी किती अंश गार झाला) मोजतात. स्थिर छिद्राच्या किंवा केशनळीच्या यंत्रात सुपरहीट बघायचं, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असेल तर सबकूलिंग. इथे एक खाच आहे. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये केशनळी किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक नळीतून जाणारा गॅस आधीच कमी दाबाचा आणि गार झालेला असतो. त्या नळीवर थर्मामीटर लावून सबकूलिंग काढलं तर येणारा आकडा निरर्थक. अशा एसीत वजनच प्रमाण माना.

‘थोडा जास्त असू दे, पुढे कामाला येईल’ हे सगळ्यात महाग पडतं. जादा गॅस कंडेन्सरमध्ये साठतो, दाब आणि वीजवापर वाढतो, आणि इनडोअरमध्ये न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनलेला आहे. द्रव दाबला जात नाही, तो व्हॉल्व्ह मोडतो आणि बेअरिंगवरचं तेल धुऊन नेतो.

सिलिंडर कसा धरायचा

आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचं वजनानं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. वायूरूपात काढलं तर प्रमाण किंचित बिघडू शकतं, म्हणून ते द्रवरूपातच काढतात. आत डिप ट्यूब (तळापर्यंत जाणारी नळी) नसेल तर सिलिंडर उलटा धरायचा. आर-३२ एकच पदार्थ असल्यानं तिथे हा प्रश्न येत नाही. कॉम्प्रेसर चालू असताना द्रव सक्शनकडे, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीत द्यायचा असेल तर व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडत, टप्प्याटप्प्यानं द्या.

गॅसची अदलाबदल

आर-२२च्या एसीत आर-४१०ए किंवा आर-३२ चालत नाही. दाब वेगळा, तेल वेगळं. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तर जोरात पेट घेणारा गॅस आहे, आणि जी यंत्रं त्यासाठी बनलेली नाहीत त्यांचे रिले आणि स्विच ठिणगी देऊ शकतात. आर-३२ही सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना ब्रेझिंगचा (नळ्या सांधायचा) टॉर्च पेटवायचा नाही. आधी रिकव्हरी, मग नायट्रोजननं नळी धुवायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या. ज्वाळेत सापडलेल्या रेफ्रिजरंटमधून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात. तिखट वास आला तर काम सोडून बाहेर पडा.

गॅस हवेत सोडून देणंही चूक आहे. आर-४१०एचं एक किलो वातावरणाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतं.

पंप डाउन करताना

एसी हलवताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्यालाच पंप डाउन म्हणतात. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद, लगेच एसी बंद. इथे नळी सैल करायची घाई जीवघेणी आहे. कॉम्प्रेसर चालू असताना जोड उघडा राहिला तर हवा आत खेचली जाते, ती तेलाच्या वाफेबरोबर दाबली जाऊन पेटते आणि कॉम्प्रेसर फुटतो. गळती असलेल्या एसीत पंप डाउन करूच नका, रिकव्हरी मशीन लावा.

भरून झाल्यावर

एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसायला हवा, फार दमट हवेत तो कमी येऊ शकतो. करंट नेमप्लेटशी ताडून पाहा. सर्व्हिस पोर्टची टोपी घट्ट बसवा आणि तिथे पुन्हा एकदा फेस लावा. मग आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, गॅसचं नाव, भरलेले ग्रॅम आणि गळती कुठे सापडली ते पक्क्या शाईनं लिहा. पुढच्या वेळी येणाऱ्याला शोध तिथूनच सुरू करता येतो.