हलका तंबू पहाटे आतून ओला होतो? हे करा

शिकारीला आडरानात नेलेला एकपदरी तंबू पाऊस नसतानाही पहाटे आतून निथळतो आणि स्लीपिंग बॅग भिजते. आपल्या श्वासातली वाफच थंड कापडावर पाणी होऊन जमते.

१. ओढ्याकाठ आणि खोलगट जागा टाळा, थंड दमट हवा तिथेच साचते. थोडं वर, झाडांच्या आडोशाला तंबू लावा. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तेवढं बघा.

२. थंडी वाजली तरी वरची झडप उघडीच ठेवा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

३. सिलनायलॉन (हलक्या तंबूचं सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन कापड) ओलं झालं की सैल पडतं. म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणा, नाहीतर लोंबलेलं कापड बॅगेला टेकतं आणि पायाकडची बाजू चिंब होते. थेंब पुसायला उशाशी एक फडकं असू द्या.

ऊब हवी म्हणून आत स्टोव्ह मात्र पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.