भाड्याची ई-सायकल रस्त्यावर आणण्याआधी

आराखड्याला हात घालण्याआधी एक संध्याकाळ कॉलेजच्या फाटकाबाहेर काढा. उभ्या सायकलच्या कॅरिअरवर दोघे बसून गप्पा मारतात, कंटाळलेला हात लोंबणारी वायर ओढत राहतो. फ्रेमवरच्या भाराचे गणित तिथून सुरू करा. पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये विद्यापीठातून सुरू झालेल्या भाड्याच्या सायकलींना तोडफोड भोवली आणि मोबाइक या चिनी सायकल-भाडे कंपनीनेही 2018 मध्ये तोडफोड-चोरीमुळेच मँचेस्टर सोडले. दोष एकट्या पुणेकरांचा नाही.

मग प्रत्येक सुट्या भागाला एकच प्रश्न विचारा: हा चोरून कुठे खपेल? चाक बाजारातल्या कुठल्याही सायकलला बसू नये, सीटचा दांडा वर खेचून निघू नये, बॅटरी आपल्याच कंट्रोलरशी (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याशी) ओळख पटल्याशिवाय चालू नये. नट-बोल्ट साध्या पान्याने न फिरणारे घ्या, पण रिव्हेट मारून मोकळे होऊ नका. आपल्या मेकॅनिकला ते रस्त्याकडेला उघडायचे आहेत. चाक बदलायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा, तेही पावसात.

पाण्याचा विचार सावकाश करा. आयपी 67 या धूळ-पाणीरोधक दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणे, प्रेशर पंपाचा फवारा सोसणे नव्हे. वर्कशॉपमध्ये धुलाई मात्र त्याच फवाऱ्याने होते, म्हणून कनेक्टर त्यासाठी वेगळे तपासा आणि फ्रेमच्या तळाला पाणी निचरायला भोक ठेवा. सगळ्या वायरी फ्रेमच्या आतून न्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्या कुठे घासतात ते पाहा.

भरीव टायर पंक्चर होत नाही, पण स्पीडब्रेकरचा प्रत्येक दणका थेट बॅटरीच्या जोडांपर्यंत पोहोचवतो. मी जाड हवेचा टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) हीच जोडी घेईन. डिस्क ब्रेकची चकती एका लाथेने वाकते, बंद ड्रम ब्रेक टिकतो. ब्रेक ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर तपासा: पुढचा ब्रेक फार जोरात पकडतो म्हणून एप्रिल 2019 मध्ये लिफ्ट (Lyft) या अमेरिकी कंपनीला न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टनमधून ई-सायकली मागे घ्याव्या लागल्या.

मोटर 250 वॅटच्या आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत ठेवा, म्हणजे नोंदणीची कटकट राहत नाही.

शेवटी दहा नमुने पावसाळाभर उघड्यावर, लोकांच्या हाती सोडा. रोज काय तुटले ते वहीत लिहा. मोठ्या उत्पादनाच्या साच्यांची ऑर्डर दिवाळीनंतर द्या.