पोस्टग्रेस १० असलेला उबुंटू १८.०४ सर्व्हर पुढे नेताना

उबुंटू १८.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर पोस्टग्रेस १० हा डेटाबेस चालत असेल, तर दोन्ही बदलणे आता टाळता येणार नाही, कारण पोस्टग्रेसच्या या आवृत्तीसाठी दुरुस्त्या येणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले. दुसरे मशीन मिळत असेल, तर त्यावर उबुंटू २४.०४ आणि पोस्टग्रेस १६ नव्याने बसवावे आणि नव्या आवृत्तीच्याच पीजी-डंप या डेटा उतरवून घेणाऱ्या कमांडने जुन्या सर्व्हरवरचा डेटा काढून तिथे भरावा. पीजी-डंप युजर आणि त्यांचे पासवर्ड उचलत नाही. ते पीजी-डंपऑल या दुसऱ्या कमांडने वेगळे घ्यावे लागतात. डेटाबेस मोठा असल्यास वेळ लागतो, परंतु जुने मशीन जसेच्या तसे हाताशी राहते, आणि तेवढ्यासाठी सेवा अधिक काळ बंद ठेवण्याची परवानगी मागणे माझ्या मते योग्यच आहे.

मशीन एकच असेल, तर बॅकअप घेऊन तो दुसरीकडे रिस्टोअर करून पाहावा. मगच पोस्टग्रेस बंद करून उबुंटू २०.०४ वर जावे. अपग्रेडच्या शेवटी जुनी पॅकेजेस काढायची का, असे विचारले जाते. तिथे नकार द्यावा, अन्यथा पोस्टग्रेस १० चा प्रोग्रामच निघून जाऊ शकतो.

खरा धोका यानंतर आहे, आणि तो कोणताही एरर दाखवत नाही. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेतो, आणि २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे आणि २०.०४ मध्ये २.३१, म्हणजे ही सीमा नेमकी याच टप्प्यात ओलांडली जाते. अमेरिकी इंग्रजी लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशानुसारच्या सेटिंगमध्ये, इंग्रजी अंकांतील ‘११’ आणि ‘१-१’ या दोन ओळी सॉर्ट केल्यास जुन्या सिस्टिमवर ‘११’ आधी येते, नव्यावर ‘१-१’. डिस्कवरचे इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूची, मात्र जुन्याच क्रमाने रचलेले असतात. त्यामुळे टेबलात असलेली नोंद शोधूनही सापडत नाही, किंवा पुनरावृत्ती चालत नाही अशा युनिक कॉलममध्ये तेच मूल्य दुसऱ्यांदा शिरते. म्हणून ॲप्लिकेशन जोडण्यापूर्वी प्रत्येक डेटाबेसवर इंडेक्स पुन्हा बांधणारी रीइंडेक्स कमांड चालवावी. केवळ आकड्यांच्या इंडेक्सना किंवा मजकूर फक्त बाइटच्या क्रमाने लावणाऱ्या ‘सी’ लोकेलला ही बाधा नाही, पण निवडत बसण्यापेक्षा सगळेच पुन्हा बांधलेले बरे.

डेटाबेसची आवृत्ती वेगळ्या दिवशी, पीजी-अपग्रेडक्लस्टर या कमांडने १० वरून १२ करावी. पोस्टग्रेस १२ बसवताच त्याचा रिकामा क्लस्टर, म्हणजे एका सर्व्हरखालील डेटाबेसचा संच, आपोआप तयार होतो आणि तो आधी पुसावा लागतो. पुसण्याच्या कमांडमध्ये १० नव्हे, १२ च लिहिले आहे, हे एंटर दाबण्यापूर्वी दोनदा वाचावे. पोस्टजीआयएससारखी (नकाशाच्या डेटासाठीची) एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सुविधा, असल्यास त्यांची १२ साठीची पॅकेजेसही आधी हवीत. काम संपल्यावर व्हॅक्यूमडीबी या कमांडने ॲनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करण्याचे काम, चालवावे. जुना क्लस्टर दुसऱ्या पोर्टवर राखून ठेवलेला असतो. महिनाअखेरचे अहवाल नव्यावर नीट निघाल्याशिवाय तो काढू नये. पोस्टग्रेस १२ ची मुदतही नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली असल्याने याच क्रमाने पुढे उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १४ गाठावे लागते.