गाडीवरचे ओरखडे घरी काढायचे तर आधी पाणी ओता

रबिंग केलं, म्हणजे कंपाउंड नावाच्या खरखरीत पेस्टने घासलं, की ओरखडा भरून येतो, असं नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना वाटतं. भरत काहीच नाही. कंपाउंडमधले बारीक कण आजूबाजूचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून खाली आणतात, ओरखड्याच्या धारदार कडा बोथट होतात आणि त्यावर प्रकाश विखुरायचा थांबतो. म्हणजे दर वेळी थोडं लॅकर खर्च होतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर ते साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतं, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. मशीन कुठलं घ्यावं हे मला पुष्कळ जण विचारतात. हा हिशोब क्वचितच कुणी विचारतं.

म्हणून बाटली उघडण्याआधी ओरखड्यावर पाणी ओता. ओला असताना तो दिसेनासा झाला, तर तो लॅकरमध्येच आहे आणि पॉलिशने सुधारेल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पूर्ण जाणार नाही, फिका होईल. तेवढ्यावर समाधान मानायला शिका. तळाशी राखाडी प्राइमर किंवा चकचकीत पत्रा दिसत असेल तर घासण्यात अर्थ नाही, तिथे टचअप पेनच लागेल. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली सापडतो. पत्रा उघडा पडला असेल आणि तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असाल, तर पावसाळ्याआधी हे उरकाच. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, त्याची घाई नको. शिवाय बंपरवरची ठसठशीत रेघ पुष्कळदा ओरखडा नसतोच. दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो आणि तो कंपाउंडने सहज निघतो.

मॅट फिनिशच्या गाडीला यातलं काहीही करू नका. ती चमकेल, आणि तेवढाच भाग चमकेल.

काम सावलीत, पत्रा गार असताना करायचं. शाम्पूने धुऊन, पुसून घ्या. धुळीचा एक कण राहिला तरी तोच नवे चरे पाडतो. पॅनेलच्या कडांवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंगाचा थर पातळ असतो, आणि काळ्या प्लॅस्टिकवर सुकलेलं कंपाउंड पांढरे डाग सोडतं, ते काढताना जीव जातो. मग वाटाण्याएवढं पॉलिश फोमच्या पॅडवर घेऊन वीतभर जागेत, हलक्या दाबाने घासा. पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. सुरुवात सगळ्यात सौम्य पॉलिशने करा. फरक पडला नाही तरच कंपाउंडकडे वळा, आणि कंपाउंडनंतर पुन्हा पॉलिश. फडक्याला गाडीचा रंग लागू लागला की थांबा. लॅकर नसलेल्या जुन्या, एकाच थराच्या रंगाला हा नियम लागू नाही, तिथे रंग येणारच.

निकाल लगेच खरा मानू नका. पॉलिशमधलं तेल ओरखडा तात्पुरता झाकतं आणि पहिल्या धुण्यात तो परत हजर होतो. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा, मगच वॅक्स लावा.

मशीन घ्यायचंच तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, म्हणजे ज्याचं पॅड गोल फिरता फिरता डोलतंही, त्यात उष्णता कमी साठते. घरातल्या अँगल ग्राइंडरला बफ लावण्याचा जुगाड मात्र नको. छोटा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशरला त्याच्या पाव वेगही पुरतो. 2000 नंबरचा वॉटर पेपरही (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) सुरुवातीला बाजूलाच ठेवा. भंगारातला एखादा बोनेट मिळाला तर त्यावर हात साफ करून घ्या.

आणि उन्हात बोनेटवर दिसणारी ती गोल-गोल जाळी? ती बहुधा रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसल्याची. पार्किंगमध्ये गाडी पुसणाऱ्या दादांना दोन मायक्रोफायबर आणून द्या आणि आधी पाणी मारायला सांगा. पहिल्या आठवड्यात ते विसरतील, पुन्हा सांगा.