एसीएच-२ आणि यू१ पेशींवर काम सुरू करताय?

एचआयव्हीच्या लॅबमध्ये नवीन आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात औषधं तपासायची घाई असते. माझं म्हणणं, आधी नुसत्या पेशी सांभाळायला शिका. एसीएच-२ आणि यू१ या लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या मानवी पेशींच्या जाती, म्हणजे 'लाइन'; त्यांच्या डीएनएमध्येच एचआयव्ही ठाण मांडून बसलेला असतो. पेशी वाढत राहतात, तो बराचसा गप्प असतो. टीएनएफ-अल्फा किंवा पीएमए (पेशींना चेतवणारे पदार्थ) घातलं की उसळतो. पण अगदी गप्प तो कधीच नसतो. काहीही न घातलेल्या फ्लास्कमध्येही थोडं पी२४ (विषाणूचं एक प्रथिन) निघतंच. हा आकडा दर वेळी मोजल्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

गप्प राहण्याची कारणंही वेगवेगळी. यू१ मध्ये विषाणूचं उत्पादन वाढवणाऱ्या टॅट प्रथिनात बिघाड आहे, एसीएच-२ मध्ये टॅट जिथे चिकटतं त्या टार भागात. म्हणून एकाच लाइनवर औषध चाललं की 'सुप्त विषाणू जागा झाला' असं जाहीर करू नये. रुग्णाच्या विश्रांत सीडी४ पेशींचं (एचआयव्ही ज्यांत दडतो त्या पांढऱ्या पेशींचं) गणित निराळं असतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो पी२४ एलायझा, म्हणजे द्रवातलं पी२४ मोजण्याची चाचणी. औषधाने पेशी मारल्या तर फुटलेल्या पेशींतलं पी२४ द्रवात उतरतं आणि आलेख झकास दिसतो! म्हणून त्याच वेलमधल्या (प्लेटच्या खळग्यातल्या) पेशी ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून मोजा: निळ्या मेलेल्या, चकचकीत जिवंत. पीएमए डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असतं, तेव्हा नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल हवाच. आणि पी२४ म्हणजे संसर्गक्षमता नव्हे. प्रोटिएझ (विषाणूचे कण पक्व करणारं एन्झाइम) रोखणाऱ्या औषधात कण बाहेर पडतात, पण अपरिपक्व. ते टीझेडएम-बीएल पेशींवर (संसर्ग झाला की संकेत देणाऱ्या) टाकल्यावरच खरं काय ते कळतं. एझेडटी या एचआयव्हीविरोधी औषधाचं उलट: नव्या पेशींना वाचवेल, पण आधीच विषाणू जडलेल्या पेशीतलं उत्पादन थांबवणार नाही. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

सुरक्षेत तडजोड नाही. सुया आणि काच शक्यतो टाळा, सेंट्रिफ्यूजच्या झाकणबंद बकेट हूडमध्येच उघडा. टोचलंच तर लपवू नका. पीईपी (संपर्कानंतर संसर्ग रोखणारी औषधं) ७२ तासांच्या आत, खरं तर लगेच, सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं.

लाइन हातात आली की कमी पॅसेजच्या (कमी वेळा वाढवलेल्या पेशींच्या) भरपूर व्हायल गोठवून ठेवा. ८ई५ सारख्या दुसऱ्या एचआयव्ही लाइनमध्ये तर वाढवता वाढवता काही पेशी प्रोव्हायरसच (डीएनएत बसलेला विषाणू) गमावून बसतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणीही नियमित करा. त्याची बाधा झाली तर पेशी उगाच चेतवल्या जातात आणि तुम्ही श्रेय औषधाला देऊन मोकळे होता.