फिरायला नेलेल्या कुत्र्याने ससा धरला, तर कायदा काय म्हणतो आणि तुम्ही काय करायचं

मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं बारामती तालुक्यात, सुपे-मोरगाव भागात काढली आणि आता राहायलाही तिथेच आहे. दारात कारवानी जातीची कुत्री आहे, बिजली. जन्मभर कायदा राबवला आणि आता रोज सकाळी हातात असते ती ससा दिसला की कानात वारं शिरणारी ही बाई. त्यामुळे गावातली पोरं, मेंढरांमागचे लोक, पुण्याहून येऊन इकडे घर बांधलेले, सगळे मला एकच विचारतात : "साहेब, कुत्रं फिरायला नेलं होतं, त्यानं ससा धरला. केस होते का हो?"

होऊ शकते. होईलच असं नाही. तपासाला आलेला माणूस तीन गोष्टी बघतो. कुत्रं सुटलं कसं, सुटल्यावर तुम्ही काय केलंत, आणि मेलेलं जनावर गेलं कुठे. लोकांना वाटतं पहिल्या प्रश्नात सगळं आलं. मी पाहिलेली माणसं बहुतेक तिसऱ्यात अडकली.

आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूची १ आणि २ मधल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांमधल्या, कुठल्याही प्राण्याची शिकार करायला बंदी आहे. शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. कायद्याची व्याख्या, कलम २(१६), बरीच मोठी आहे : मारणं, विष घालणं, पकडणं, कुत्री लावून पाठलाग करणं, हाकून आणणं, फास लावणं, आमिष दाखवणं, जखमी करणं, आणि यातल्या गोष्टींचा नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे "छू" म्हणून कुत्रं सशाच्या मागे सोडलं आणि ससा बिळात पळाला, तरी तुम्ही सुटलात असं होत नाही. ससा सुटला एवढंच.

कुत्र्यावर गुन्हा दाखल होत नाही. आरोपीच्या रकान्यात माणसाचंच नाव येतं. म्हणून सगळा भर तुमच्या वागण्यावर. पट्टा हिसकून कुत्रं गेलं, तुम्ही ओरडत मागे धावलात, जनावर सोडवलंत आणि खात्याला फोन केलात, तर ती एक गोष्ट. मोटारसायकलवर तीन कुत्री घेऊन रात्री बॅटरीच्या उजेडात माळावर हिंडत होतात आणि म्हणता "फिरायला नेली होती", तर ती दुसरी. दुसऱ्या गोष्टीतली मोटारसायकलही जप्त होते, आणि कलम ३९ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं जप्त वाहन सरकारची मालमत्ता धरलं जातं. हप्ते बाकी असले तरी.

२०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी प्राण्यांच्या चार-पाच अनुसूच्या होत्या, आता संरक्षित प्राण्यांच्या दोनच. आमच्या माळावरचे चिंकारा, लांडगा, मोर, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत. ससा दुसऱ्या अनुसूचीत. शिक्षेत फरक मोठा आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. शिवाय याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेला माणूस असेल, तर कलम ५१-अ मुळे अशा प्रकरणात जामीन सहज मिळत नाही. सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट पुढे जात नाही.

"साहेब, काहीतरी भरून मिटवा ना" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. तडजोडीची तरतूद आहे, कलम ५४. अधिकार दिलेला अधिकारी पाच लाखांपर्यंत रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. पण ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरवून दिली आहे, तिथे तडजोड नाही. चिंकाऱ्याचं प्रकरण असेल तर ते कोर्टातच जाणार. मध्ये कोणी "मी करून देतो" म्हणाला, तर तो तुमचे पैसे खाणार आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "माझ्या मालकीच्या रानात झालं" याला काही अर्थ नाही. आमचं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा त्या हद्दीत बसून राहत नाही, तो तुमच्या हुलग्यात येतो, आणि तिथेही त्याला तेच संरक्षण आहे. रानडुकरं पीक उडवतात हे खरं, पण त्यासाठी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. राखणीचं कुत्रं भुंकून डुकरं पळवतं, त्याला कोणी काही म्हणत नाही. कुत्र्यांची टोळी लावून डुक्कर लोळवलं की ती शिकार. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं तर कलम ११ पाठीशी उभं राहतं, पण त्यात माणूस लिहिलाय, कुत्रा नाही. बिबट्याने तुमचं कुत्रं धरलं म्हणून कुऱ्हाड घेऊन गेलात, तर ते बचावात बसवणं वकिलाला जड जाईल.

पट्टा

अभयारण्यात पाळीव कुत्रं नेऊ नका. तिथे परवानगीशिवाय माणसालाही प्रवेश नाही. राहिला बाहेरचा माळ, टेकडी, गावठाणाची कड, कॅनॉलचा रस्ता.

कारवानी, पश्मी, मुधोळ ही कुत्री नजरेवर धावणारी. वास घेत घोटाळणाऱ्या कुत्र्याला हाक मारून परत आणता येतं. हिने एकदा पळणारं जनावर पाहिलं की हाक कानावर पडत नाही. "आमचं ऐकतं हो" असं सांगणाऱ्यांचं कुत्रं अंगणात ऐकतं. त्यातून या जातीची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड. साधा पट्टा मागे ओढ बसली की डोक्यावरून निघतो. रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा किंवा छातीला बसणारा घ्या आणि घरीच उलटं ओढून बघा, निघतो का.

मोकळं धावल्याशिवाय या कुत्र्यांचं पोट भरत नाही, हेही मला कळतं. त्यासाठी दहा मीटरची दोरी ठेवा. बाजारात मिळते, नाहीतर जनावरांच्या दुकानातून नायलॉनचा दोर घ्या, टोकाला चांगली कडी बसवून. दोर हातात गुंडाळू नका, पंजाची कातडी सोलून निघते. जाड हातमोजा घाला. पूर्ण मोकळं सोडायचं तर नांगरलेल्या उघड्या रानात, चारी बाजू नजरेत असताना आणि ऊन चढल्यावर. ससा आणि चिंकारा पहाटे आणि दिवस मावळताना चरतात, आणि आपणही कुत्रं नेमकं त्याच वेळी बाहेर काढतो. निदान त्या दोन वेळी दोर हातातच असू द्या. उन्हाळ्यात ऊन चढण्याची वाट बघत बसू नका, जमीन तापते. मोकळं सोडणं हिवाळ्यावर ठेवा.

फाल्गुनापासून पावसाळ्यापर्यंत आणखी जपायचं. टिटवी, धाविक, चंडोल, तित्तर ही सगळी जमिनीवर अंडी घालणारी पाखरं. टिटवी तर चार अंडी नुसती खड्यांत ठेवते. कुत्र्याने तिथे नाक खुपसलं की काम झालं. रानपाखरांची आणि सरपटणाऱ्यांची अंडी-घरटी बिघडवणं हेही शिकारीच्या व्याख्येत आहे. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली की आलात त्या वाटेने मागे फिरा. ती उगाच ओरडत नाही.

कुत्रं फिरवायला पोरगा ठेवला असेल तर हे सगळं त्यालाही सांगा, आणि त्याच्यासमोर "आपली बिजली एकदा ससा धरेल बघ" असली बढाई मारू नका. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. मोबाईलमध्ये पाठलागाचे व्हिडिओ काढून टाकणारे तर स्वतःच पुरावा तयार करून देतात.

धरलंच तर

आधी कुत्रं बांधा. कुठेही, बाभळीला, कुंपणाच्या दगडाला. दोघं मिळून जनावर ओढू नका, जखम वाढते आणि कुत्र्याला वाटतं तुम्हीही खेळताय. तोंड सुटत नसेल तर मागच्या बाजूने गळपट्टा धरून स्थिर राहा, बहुतेक कुत्री तोंड बदलताना सोडतात. मारू नका, मारल्याने पकड आणखी बसते.

जनावर जिवंत असेल तर उचलू नका. पाणी पाजू नका. चिंकाऱ्याबाबत तर हे फारच खरं. अनेकदा त्याला दात लागलेलाही नसतो, उभं राहून पळूनही जातं, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मेलेलं सापडतं. जीव खाऊन पळाल्याने आणि भीतीने त्याचे स्नायू आतून फाटतात, मूत्रपिंडं बंद पडतात. भोवती माणसं जमून मोबाईल धरतात तेव्हा तो आणखी मरतो. गर्दी लांब करा, डोळ्यांवर सुती कापड हलकं टाकता आलं तर टाका, नाहीतर तेही नको. गवतात दबून बसलेलं पाडस मात्र अनाथ समजून घरी नेऊ नका, आई जवळच असते.

मग १९२६ ला फोन करा. महाराष्ट्र वनविभागाची ही टोल फ्री हेल्पलाईन आहे. गाव, जवळची खूण, कोणतं जनावर, जिवंत की मेलेलं, एवढं सांगा. आणि सुरुवातीलाच सांगून टाका की माझ्या कुत्र्याने धरलंय. "इथे पडलेलं दिसलं" असं सांगितलंत तर ते टिकत नाही. जखमेत कुत्र्याचे दात दिसतात, तुमच्या बिजलीच्या तोंडाला रक्त असतं, आणि पुढच्या प्रत्येक वाक्यावर संशय बसतो.

मेलेलं जनावर पिशवीत घालून घरी नेणं, पुरणं, मांस करणं, कातडं ठेवणं, यातलं काहीही करू नका. कलम ३९ वाचा, त्यात मेलेला सापडलेला आणि चुकून मारला गेलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरवलाय. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं आणि सोपवायचं. आणि तुमच्या फ्रीजमध्ये मांस सापडलं, तर कलम ५७ प्रमाणे ते बेकायदा नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. एरवी ती जबाबदारी सरकारची असते. अपघाताची गोष्ट गुन्ह्याची होते ती या पिशवीपाशी.

वनरक्षक आला की पंचनामा होईल. पंचांच्या सह्या होतात, तुमचाही जबाब घेतला जाईल. जबाब वाचून सही करा, मराठीत असतो, घाई नसते. "कुत्रं सोडलं" आणि "कुत्रं सुटलं" यात दोन अक्षरांचा फरक आहे, पण त्यावर प्रकरण फिरतं. पट्टा तुटला असेल तर तो तुटका पट्टा दाखवा, त्याची नोंद घ्यायला सांगा. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष पुढे कोर्टात पुरावा म्हणून चालते, तेव्हा तिथे बोलावलं तर वकील घेऊन जा. त्यात कमीपणा नाही. मी खात्यात असताना वकिलासोबत आलेल्या माणसाशी बोलणं सोपं जायचं, रडारड कमी असायची.

कुत्र्याचं आणि तुमचं अंग

याकडे कोणी बघत नाही. मुंगूस, कोल्हा, लांडगा यांच्यात रेबीज असू शकतो. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेऊन पुन्हा लस द्यायची का विचारा. सोडवताना तुम्हाला ओरखडा आला असेल, तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा. हळद-चुना भरू नका.

उलटही होतं. आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक विषाणूचा आजार, रानात जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींत हा विषाणू सापडला होता. आमच्या माळावरचे लांडगे मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या पाणवठ्यावरच पाणी पितात. रेबीजची लस लोक देतात, कारण ती महापालिकेच्या परवान्याला लागते. डिस्टेंपरची राहून जाते. पिल्लू असताना तिचे डोस पूर्ण करा, नंतर डॉक्टर सांगतील तसे, आणि कार्ड फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. वनरक्षक ते मागतोच असं नाही, पण दाखवलंत तर पंचनाम्यात एक ओळ तुमच्या बाजूची लिहिली जाते.